साठीनंतरचे घर, परस आणि छंद : गोव्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर दर वर्षी कोणी ना कोणी निवृत्त होऊन घरी बसते. बसते म्हणजे आठवडाभर. मग ती व्यक्ती सकाळी फिरायला निघते आणि आमच्या फाटकापाशी थांबून प्रश्न विचारते. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, आमचे हे बँकेतून. आम्हाला यातले सगळे कळते असा लोकांचा समज आहे. माणसागणिक तेच ते सांगण्यापेक्षा एकदाचे लिहून काढले.

मला कुठलाच छंद नाही. दिवस कसा जायचा?

छंद शोधत बसू नका. परस असलेले गोव्यातले घर माणसाला रिकामे बसू देत नाही. चैत्र-वैशाखात काजू, आंबे, भिरंडं (कोकमाची फळे), पापड. ज्येष्ठात पावसाची तयारी आणि भाज्यांची पेरणी. भाद्रपदात चवथ, मग नवरात्र, दिवाळी, तुळशीचे लग्न. थंडीत जत्रा आणि नाटके, फाल्गुनात शिगमो. ही कामे पूर्वीही होतीच. आपण नोकरीत होतो म्हणून ती आई, सासू, वहिनी किंवा रोजावरचा माणूस उरकत होता. आता त्यातले एखादे आपल्या अंगावर घ्या. एकच घ्या. निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात चित्रकलेचा क्लास, योगासने, बाग आणि इंग्रजी कादंबरी असा चौरंगी संकल्प सोडणारे लोक चवथीपर्यंत पुन्हा टीव्हीसमोर दिसतात.

पावसापूर्वी घराची कुठली कामे काढावीत आणि कधी?

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे घराच्या दुरुस्तीचे वर्ष मार्चमध्ये सुरू होऊन मेच्या मध्याला संपते असे धरा. मे अखेरीस कामगार मिळत नाहीत. मिळाले तर दर सांगण्याआधी ते आभाळाकडे बघतात.

सुरुवात छपरापासून. दुपारी बाराच्या सुमारास घरातले दिवे बंद करून माळ्यावर किंवा खोलीच्या मधोमध उभे राहा आणि वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे कौल सरकलेले किंवा तडकलेले आहे. त्या जागेखाली जमिनीवर खडूने फुली मारून ठेवा, म्हणजे शाकारणीवाला आला की अर्धा दिवस शोधण्यात जात नाही. जुनी मंगळुरी कौले शाबूत असतील तर ती फेकू देऊ नका. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्याच्यामागून इतरांनी काढले. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. नव्या साच्याचे कौल जुन्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि नेमके तिथूनच पाणी झिरपते. शेजारी कोणाचे जुने घर पाडत असतील तर आपल्या छपरावरच्या छापाची वीसपंचवीस कौले मागून आणा आणि गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवा. माकडे छपरावरून उड्या मारतात, त्यामुळे ती पडून राहत नाहीत.

मग लाकूड. वाशांवर आणि भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की वाळवी समजा. नळी मध्येच बोटभर खरवडून टाका आणि चार दिवसांनी बघा. पुन्हा बांधली गेली असेल तर वाळवी जिवंत आहे, माणूस बोलवा. नसेल तर जुनी खूण आहे. पूर्वी काजूच्या टरफलांचे तेल वाशांना लावत. ते लाकडाला चांगले, पण कातडीला लागले की फोड येतात. आजोबांनी लावले म्हणून आपण उघड्या हातांनी लावायचे नाही.

पन्हळी आणि गटारे उपसणे, वीजवाहिनीवर आलेल्या फांद्यांची खात्यात कल्पना देणे, आणि झडीची सोय ही उरलेली कामे. वसरीवर (ओसरीवर) झड येते ती बाजू पूर्वी चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, विणलेल्या मल्लांनी बंद करत. आता हिरवे कापड किंवा निळे प्लॅस्टिक लावतात. मल्ल विणणारे हात वाड्यावर शिल्लक असतील तर मल्लच लावा: आत उजेड मंद येतो, हवा खेळती राहते, आणि पावसाचा आवाज प्लॅस्टिकवर जसा डोके उठवतो तसा उठवत नाही.

विहीर उपसायची तर ती मेमध्ये, पाणी तळाला गेल्यावर. पण त्यात उतरायला सवयीचीच माणसे हवीत. खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि वरून ते दिसत नाही.

शिडीवर मी स्वतः चढलो तर? आजवर चढतच आलो.

नाही. खाली उभे राहून सूचना देणे हेही काम आहे, आणि आपल्याकडच्या पुरुषांना ते उत्तम जमते.

जुन्या चिऱ्यांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा का? कंत्राटदार म्हणतो, एकदाच खर्च.

चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो पाणी पितो. जुन्या घरात तो मातीत किंवा चुन्यात बसवलेला असतो. चुन्याच्या गिलाव्यातून आतली ओल हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा जाड थर आणि वर चकचकीत रंग दिला की ओल आत कोंडते. मग दोन-तीन पावसाळ्यांनी पोपडे निघतात, आणि भिंतीच्या खालच्या दोन हातांत पांढरी खारी फुलते. म्हणजे एकदाच खर्च ही गोष्ट खरी नाही. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, तो द्यावा. आपल्याकडे आता वेळच तर आहे.

आमसुले घरी करायची आहेत. बाजारात मिळतात हे माहीत आहे, तरी करायची आहेत.

मला हाच प्रश्न सगळ्यात आवडतो. भिरंडं एप्रिल-मेमध्ये पिकतात. झाडावरची काळपट तांबडी झालेली घ्यावीत. जमिनीवर पडून मऊ झालेली सरबताला वापरावीत, सोलांना म्हणजे आमसुलांना नको. धुऊन पुसून घ्या. फळ आडवे कापून आतला गर आणि बिया एका चिनी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा. अॅल्युमिनियमचे भांडे अजिबात नको, आंबट रस ते खातो. बियांच्या गरावर जाडे मीठ घालून ठेवले की सुटतो तो रस म्हणजे आगळ. साली पहिल्या दिवशी उन्हात पसरायच्या. संध्याकाळी त्या गोळा करून आगळात बुडवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असे चार-पाच दिवस चालते. रोज साल थोडी आणखी काळी, थोडी आणखी आक्रसलेली दिसते, आणि शेवटी बोटांत धरली तर चामड्यासारखी वाकते पण तुटत नाही. तिथे थांबायचे. कडक होईस्तोवर वाळवली तर कढीत घातल्यावर रंग यायला तास लागतो.

उरलेले आगळ गाळून बाटलीत भरा, सोलकढीला वर्षभर पुरते. बिया धुऊन वाळवून ठेवा. त्यांचे भिरंडेल (कोकमाचे तेल) काढणे हे खटपटीचे काम आहे, कुटणे आणि उकळणे आले, पण टाचांच्या भेगांना त्याच्यासारखे दुसरे औषध नाही असे माझ्या सासूबाई म्हणत. त्यांच्या टाचा मी पाहिल्या आहेत, त्यामुळे वाद घालत नाही.

एक धोक्याची सूचना: मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग अचानक येतात. सोलं अंगणात टाकून दुपारी झोपायचे नाही. दोघांपैकी एकाने जागे राहावे, ही वाटणी आधीच करून घ्या.

पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करायची गरज आता उरली आहे का? सगळे वर्षभर मिळते.

दोन माणसांच्या घराला पूर्वीसारखी करायची गरज नाही. तरी जाडे मीठ, मिरच्या, चिंच, सोलं, उकडे तांदूळ आणि नुस्ते (मासे) खाणाऱ्यांनी सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी) एवढे मेमध्ये भरून ठेवावे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्या काळात ताजे मासे महागतात. शिवाय आषाढातल्या मुसळधार पावसात फक्त चिंचेसाठी बाजार गाठावा लागला नाही याचे जे समाधान असते, ते वेगळेच.

नवरा दिवसभर घरात. स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघतो. काय करू?

वहिनींनो, हा प्रश्न तुम्ही सगळ्या एकट्यात आणि हळू आवाजात विचारता, म्हणून उत्तर इथे मोठ्याने लिहिते. त्यांना एक पदार्थ पूर्णपणे देऊन टाका. मदत नको, मदत म्हणजे नारळ कोण खवणार यावर चर्चा. पूर्ण पदार्थ: बाजार त्यांचा, करणे त्यांचे, भांडी त्यांची. आमच्याकडे रविवारचे खतखते, म्हणजे मिश्र भाज्यांची आमटी, यांच्याकडे आहे. त्यात भाज्या भरपूर लागतात, त्यामुळे शनिवारची सकाळ फोंड्याच्या बाजारात जाते. तिरफळे किती आणि कधी घालायची यावर त्यांचे आता स्वतःचे मत झाले आहे, आणि माझ्या मताशी ते जुळत नाही. हे चालवून घ्यावे लागते.

बाकी घरात प्रत्येकाची एक जागा ठरलेली असावी जिथे दुसऱ्याने आवराआवर करायची नाही. एक टेबल पुरते.

पुरुषांकडून याच प्रश्नाची उलट बाजूही येते: "ही दुपारी दोन ते चार बोलत नाही." तिने आयुष्यभर ते दोन तास एकटीने काढलेले आहेत. ते तिचेच राहू द्या.

परसात काय लावू? गुडघे दुखतात, आणि माकडे काही ठेवत नाहीत.

गुडघ्यांसाठी वाफे उंच करा. तीन चिऱ्यांचा थर रचून आत माती भरली की वाकावे लागत नाही आणि पावसाचे पाणीही तुंबत नाही. जूनमध्ये भेंडी, दोडकी, काकडी, चिबूड, पडवळ. भेंडी लावायची तर आपली सात शिरांची लावा. ती लांब, फिकट हिरवी आणि जाड असते, पावसातच चांगली येते, आणि सोलं किंवा सुकी सुंगटं घालून केली तर बाजारातली बारीक भेंडी तिच्यापुढे फिकी वाटते. बी दुकानात शोधू नका, वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांकडे पुरचुंडीत असते. एक भेंडी झाडावरच वाळू देऊन पुढच्या वर्षाचे बी धरा, आणि मागायला येणाऱ्याला द्या.

पाऊस सरला की तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची, अळसांदे. तांबडी भाजी सगळ्यात सोपी. ज्याला काहीही उगवता येत नाही त्याने तिच्यापासून सुरुवात करावी. शेतीविषयी शंका असेल तर जुन्या गोव्यातल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत जाऊन विचारता येते, आपल्या विभागीय कृषी कार्यालयातही. तिथे वय झालेल्या माणसाला खुर्ची देऊन नीट सांगतात.

माकडांचा रामबाण उपाय कुणाकडेही नाही. फटाके, आरसे, खोटा वाघ, सगळ्यांची ओळख त्यांना आठवड्यात पटते. त्यापेक्षा त्यांना न आवडणारे लावा: हळद, आले, सुरण, लिंबू, मिरी. हळदीची पाने नागपंचमीच्या पातोळ्यांना लागतातच. केळी आणि चिकू यांच्यावर मात्र आशा ठेवू नका.

पावसात परसात जाताना गमबूट घाला. उंदरांच्या मुतातून चिखलात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू येतात आणि भेगा पडलेल्या पायांतून अंगात शिरतात. पुढे ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना आपण चिखलात काम करतो हे आवर्जून सांगा. साप तर आहेतच. ढीग हाताने उपसू नये, आधी काठीने हलवावा.

आता आम्ही दोघेच. माटोळी पूर्वीसारखी कशी बांधायची?

माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट. ती पूर्वीसारखी बांधू नका, पण बांधा. गणपतीच्या डोक्यावर हिरवे काही टांगलेले नसले तर गोव्यातल्या माणसाला चवथ झालीशी वाटत नाही.

आधी कड्या तपासा. छताला माटोळीच्या कड्या वर्षानुवर्षे असतात आणि त्यांना कोणी बघत नाही. नारळांच्या जोड्या, सुपारीचे शिंपुट, केळ्यांचा घड, निरफणस, तोरिंग, चिबूड, आंबाडे असे सगळे टांगले की चौकटीवर बरेच वजन येते, आणि ते सगळे मूर्तीच्या वर असते. कडीभोवतीचे लाकूड सुरीच्या टोकाने दाबून बघा. मऊ लागले तर सुताराला बोलवा, चवथीच्या आधीच्या आठवड्यात नव्हे, जुलैत.

बांधायची पद्धत अशी ठेवा: चौकट दोरीवर खाली उतरवून, खुर्चीत बसून बांधायची आणि मग दोन तरुण मुलांनी वर ओढायची. आमच्या वाड्यावर पुष्कळ घरांत आता असेच करतात. जड फळे चारी कोपऱ्यांना आधी, तीही समोरासमोर जोडीने, म्हणजे चौकट एका बाजूला कलत नाही. मग मधले: कांगलां, घागऱ्यो, कवंडळं अशी रानफळे, रानातल्या फुलांचे तुरे. सगळ्यात शेवटी आंब्याचे टाळे (डहाळ्या). दोरीला केवणीची (एका रानझुडपाची) साल मिळाली तर उत्तम. ती भिजवून घेतली की बांधताना मऊ असते आणि सुकली की आवळून बसते. नाही तर सुतळी. नायलॉनची दोरी गाठीत सुटते, तिच्यावर नारळ टांगू नये.

रानातले सामान पूर्वी घरचे पुरुष जाऊन आणत. आता आपण फोंडा, डिचोली, म्हापसा, पणजी इथल्या माटोळी बाजारातून आणतो. तिथे सत्तरी तालुक्याकडून आलेल्या बायका बसलेल्या असतात. त्यांच्याशी फार घासाघीस करू नका. त्या वस्तूसाठी त्या डोंगर चढून आलेल्या असतात. एकेक जिन्नस थोडाच घ्या. कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेत लोक शेकडो प्रकार मांडतात, तो वेगळा खेळ आहे. घरच्या माटोळीला पंधरा-वीस प्रकार शोभतात. आणि हो, नातवंडांना सांगून ठेवा की कवंडळासारखी फळे बघायची असतात, खायची नसतात.

आणखी एक छान काम, विशेषतः लिहिण्याची आवड असणाऱ्यांसाठी: टांगलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव, ती कुठून आली आणि कशाला उपयोगी पडते हे एका वहीत लिहा. आमच्या पिढीला निम्मी नावे येतात, मुलांना चार.

चवथीला सगळे भाऊ मूळ घरी जमतात. खर्च आणि राबणे आमच्यावरच पडते, कारण आम्ही इथे राहतो.

चवथीच्या दिवशी हा विषय काढू नका. आषाढात फोनवर काढा. पाळी लावलेली घरे अनेक आहेत: एका वर्षी एकाने यजमान व्हायचे, बाकीच्यांनी ठरलेली रक्कम द्यायची. पैशाचे जमते, अवघड असते ते राबण्याचे. नेवऱ्या (करंज्या) तळायला बायका आणि आरतीला पुरुष ही वाटणी पुढच्या पिढीने नाकारली आहे आणि बरे झाले. आमच्या घरात भाचे नेवऱ्या भरतात. कडा जाड येतात. खाताना कोणी तक्रार करत नाही.

या वयात पेटी किंवा घुमट शिकता येईल का?

येईल. मैफल गाजवायची नसेल तर वयाचा काही संबंध नाही. पेटीसाठी फोंड्याचे राजीव गांधी कलामंदिर, मडगाव, सांखळी, कुडचडे इथली रवींद्र भवने, पणजीची कला अकादमी यांच्या आसपास शिकवणारे भेटतात. मास्तर निवडताना एवढेच पाहा की तो पहिल्या महिन्यात तुम्हाला एखादी ओळखीची आरती किंवा अभंग वाजवू देतो की नुसते अलंकार घोटवतो. मुलांना अलंकार ठीक आहेत. आपल्याला गाणे लवकर हवे असते. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. अशा मुलखात राहून सा कुठला हे माहीत नसावे ही रुखरुख पुष्कळांना असते आणि ती साठीनंतर बाहेर येते.

घुमट हे गोव्याचे वारसावाद्य म्हणून २०१९ मध्ये जाहीर झाले. मातीच्या मडक्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले, दुसरे उघडे, आणि त्या उघड्या तोंडावर डावा हात ठेवून नाद बदलायचा. घरात माळ्यावर आजोबांचे घोरपडीच्या कातड्याचे घुमट असेल तर ते वाजवत मिरवू नका. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे, म्हणजे १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. आता बकरीच्या कातड्याची घुमटे मिळतात. पावसात कातडे सैल पडते, म्हणून आरतीआधी ते थोडे शेकून घेतात. मनगटात संधिवात असेल तर शामेळाच्या (काठ्यांनी वाजवायच्या ढोलकाच्या) वाटेला जाऊ नका, कासाळे (मोठे टाळ) घ्या. आरतीला तेही लागतेच.

पावसाळ्यात पेटी आणि पुस्तके खराब होतात.

पेटी जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवून ठेवू नका, आणि रोज दहा मिनिटे वाजवा. हवा फिरली की पितळी सूर अडकत नाहीत. पुस्तकांचे कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, पुस्तके कोंबून भरू नका, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी कपाट उघडे टाका. कसर लागू नये म्हणून कापूर किंवा सुकलेला कडुनिंब. बुरशी आलेले पुस्तक घरात झटकू नये, वसरीवर नेऊन नाकाला फडके बांधून कोरड्या ब्रशने पुसावे. दम्याचा त्रास असेल तर हे काम दुसऱ्याचे.

घरची पुस्तके वाचून संपली असतील तर पणजीला पाटो इथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ सालची. मराठी विभाग मोठा आहे, वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली आहेत, आणि लिफ्टही आहे.

उत्सवातल्या नाटकात काम करायला बोलावतात. जावे का?

जावे. पण "राजा" मागू नका, पाठांतर पहिल्यासारखे राहत नाही. प्रॉम्प्टर व्हा. नाटकाचे सगळे रहस्य त्याच्याच हातात असते.

घर सगळ्या भावंडांच्या नावावर आहे. आम्ही पैसे घालून दुरुस्त करावे का? आणि मृत्युपत्र?

जुन्या घरांचा हा खरा प्रश्न आहे, कौले नंतर. दुरुस्तीआधी सगळ्या हिस्सेदारांना लेखी कळवा, निदान व्हॉट्सअॅपवर, आणि त्यांचे "चालेल" जपून ठेवा. बिले एका फाइलीत. पुढे वाटप झाले तर आपण काय आणि कधी खर्च केला हे दाखवता येते. आईवडील गेल्यावर वाटपच झाले नसेल तर आधी ते मार्गी लावण्याचे बघा. गोव्यात यासाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची, प्रक्रिया आहे आणि तिचा कायदा २०१२ चा आहे, अंमल २०१६ पासून. आपल्या पिढीत ते झाले नाही तर पुढच्या पिढीत हिस्सेदारांची संख्या इतकी वाढते की सही घ्यायला तीन खंडांत माणसे शोधावी लागतात.

मृत्युपत्राबाबत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे सल्ले इथे लागू पडत नाहीत. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर साधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, अर्धी-अर्धी. म्हणून घर विकताना बायकोची सही लागते. आणि मुले असतील तर आपल्या वाट्यातला अर्धा भाग कायद्याने वारसांसाठी राखीव असतो. उरलेल्या अर्ध्याचेच आपल्या मनाप्रमाणे करता येते. "धाकट्याने सांभाळले, सगळे त्यालाच" असे इथे सरळ लिहिता येत नाही. इथले कायदे जाणणाऱ्या वकिलाला दाखवा आणि विशेष नोटरीपुढे मृत्युपत्र करा. हे काम शांत डोक्याने, तब्येत चांगली असताना करावे. इस्पितळातून आल्यावर सगळ्यांचे चेहरे वाचत बसावे लागते.

मुलगा म्हणतो, घर बंद करा आणि बेंगळुरूला या.

घर बंद करू नका. कौलारू घर बंद राहिले की दुसऱ्या पावसाळ्यात बसायला लागते. चूल पेटली नाही, दारे उघडली नाहीत की वाळवी आणि ओल यांनाच ते मोकळे होते. वर्षातले काही महिने जाऊन राहा. जानेवारी-फेब्रुवारी सोडून जा, कारण तेव्हा इथल्या जत्रा आणि नाटके असतात आणि तिथे मन लागत नाही. तिकडे गेल्यावर सुनेच्या स्वयंपाकघरात आपली तिरफळे काढायची नाहीत.

मुलगा काळजीपोटी बोलतो हे खरे. म्हणून त्याची काळजी कमी होईल अशा गोष्टी इथेच करून ठेवा. न्हाणीघरात धरायला दांडी, खरबरीत लाद्या, रात्री उंबरठ्यापाशी बारीक दिवा. अंगणातल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरते, तिथे आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याने घासून घ्यायला माणूस ठेवा. विजेच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (वीज गळताच पुरवठा तोडणारा) आहे का ते वायरमनला विचारा. ओल्या भिंतींच्या घरात तो नसणे धोक्याचे. शेजारच्या एका घरी आपली किल्ली आणि मुलाचा नंबर.

नातवंडे सुट्टीत येतात आणि मोबाइलमध्ये डोके घालून बसतात.

"मोबाइल ठेव" म्हणून ठेवत नाहीत. हातात दुसरे काही चिकट द्या. आकाशकंदील करायला घ्या: बांबूच्या काड्या तासणे आपण करायचे, कारण सुरी, चौकट दोघांनी बांधायची, पतंगी कागद आणि मैद्याची खळ पूर्ण त्यांची. खळ गरम असताना कागद फाटतो, कोमट होऊ द्यावी. शेपट्या जितक्या लांब तितकी मुले खूश, म्हणून माप काढू नये.

दिवाळीत ती इथे असतील तर नरकासुराला नेऊ द्या. गवत, जुने कपडे, कागदाचा मुखवटा, आणि पहाटेपूर्वी दहन. रात्रभर कर्कश गाणी लावण्याची जी नवी रीत पडली आहे ती मला आवडत नाही, पण वाड्यावरच्या छोट्या पोरांचा घरगुती नरकासुर अजून टिकून आहे. आपले काम गवत बांधणे. पहाटे अंगणात कारीट पायाखाली फोडायचे आणि मग पोहे: दह्यातले, गुळातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. बेंगळुरूच्या पोराला पोह्यांचे इतके प्रकार एका ताटात दिसले की मोबाइल निघतोच, पण फोटो काढायला.

फोनवर पोलीस असल्याचे सांगून पैसे मागतात.

ठेवून द्या फोन. व्हिडिओ कॉलवर कोणी कोणाला अटक करत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. लाजून गप्प बसणारे फार आहेत, त्यात निवृत्त अधिकारी जास्त.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. परस नाही, माळा नाही. आमच्यासाठी काही आहे का?

आहे की. सोलं गच्चीवर वाळतात, सोसायटीची परवानगी घ्या आणि कावळ्यांसाठी वर जाळी टाका. बाल्कनीत हळद, मिरची आणि एक कुंडी तांबडी भाजी होते, ऊन अर्धा दिवस मिळाले तरी पुरते. माटोळीला छताला कडी नसेल तर दोन उभ्या स्टँडवर आडवी काठी टाकतात. वजन तिथे बेताचे ठेवावे, नारळाऐवजी सुपाऱ्या. घुमटाचा सराव मात्र दुपारी करू नका, खालच्या मजल्यावरची माणसे झोपलेली असतात.